गॅमा किरण दिसलेच नाहीत, मग आत इंजिन होतं हे कसं कळलं? सुपरनोव्हा २००९बीबीचं प्रकरण

पार्श्वभूमी

२१ मार्च २००९ ला चिलीतल्या चेस नावाच्या ऑटोमॅटिक शोधमोहिमेला एनजीसी ३२७८ या गॅलक्सीत एक नवा ठिपका सापडला. ही गॅलक्सी दक्षिण आकाशात, ॲन्टलिया तारकासमूहात, आपल्यापासून साधारण १३ कोटी प्रकाशवर्षं लांब. नंतर हिशेब लावल्यावर कळलं की तारा १९ मार्चच्या आसपास फुटला असणार, म्हणजे आपल्याला तो जेमतेम दोन दिवसांचा असताना सापडला. नाव पडलं एसएन २००९बीबी, एसएन म्हणजे सुपरनोव्हा, मरणाऱ्या ताऱ्याचा स्फोट.

स्पेक्ट्रम घेतला, म्हणजे प्रकाश रंगांमध्ये फोडून पाहिला, तर हायड्रोजन नाही, हेलियमचाही ठळक पत्ता नाही, आणि रेषा प्रचंड रुंद. याला टाइप वन-सी ब्रॉड-लाइन्ड म्हणतात. मरायच्या आधीच बाहेरचे थर गमावून बसलेला मोठा तारा, बहुतेक वुल्फ-रायेट जातीचा, आणि रेषा रुंद म्हणजे मटेरियल नेहमीपेक्षा खूप वेगात बाहेर पडतंय. असले स्फोट कमी सापडतात, आणि त्यांच्यावर सगळ्यांचा डोळा असतो त्यामागे या स्फोटाच्या ११ वर्षं आधीची एक गोष्ट आहे.

२५ एप्रिल १९९८ ला बेप्पोसॅक्स उपग्रहाने एक गॅमा किरण स्फोट, म्हणजे गॅमा किरणांचा थोडाच वेळ टिकणारा प्रचंड झोत, पकडला आणि आकाशात त्याच जागी सुपरनोव्हा १९९८बीडब्ल्यू सापडला. तोही ब्रॉड-लाइन्ड वन-सी. दोघांचा खरंच संबंध आहे की नुसता योगायोग, यावर तेव्हा बरीच खडाजंगी झाली, आणि त्यात रेडिओने फार मोठं काम केलं. मूळचे आपल्या कुरुंदवाडचे श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ दुर्बिणींचा डेटा घेऊन दाखवलं की या स्फोटात एक कवच जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर पडलंय. साध्या सुपरनोव्हात असा वेग येत नाही. म्हणजे कोसळणाऱ्या ताऱ्याच्या पोटात काहीतरी आहे, नुकतंच जन्मलेलं ब्लॅक होल किंवा जबरदस्त चुंबकीय न्यूट्रॉन तारा, जे वेगळी ऊर्जा ओततंय. यालाच या क्षेत्रातले लोक सेंट्रल इंजिन म्हणतात.

पुढची दहा-अकरा वर्षं असं इंजिन शोधायचा एकच रस्ता माहीत होता, आधी उपग्रहाला गॅमा किरण दिसायचे आणि मग दुर्बिणी तिकडे वळायच्या. २००९बीबीने हा क्रम मोडला म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग आपल्या जुन्नर तालुक्यात, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर घडलाय हेही कारण आहेच.

प्रश्न काय होता

स्फोटाच्या वेळेला उपग्रहांच्या नोंदी तपासल्या तर त्या जागेवरून, त्या दिवसांत कुठलाही गॅमा किरण स्फोट नोंदलेला नव्हता. ऑप्टिकलमध्ये स्फोट दणकट दिसत होता पण रुंद रेषा असल्या म्हणून इंजिन असलंच पाहिजे असं नसतं, बहुतेक ब्रॉड-लाइन्ड सुपरनोव्हांमध्ये त्याचा पुरावा मिळत नाही.

मग एप्रिलच्या सुरुवातीला, स्फोटानंतर साधारण अडीच आठवड्यांनी, हार्वर्डच्या ॲलिसिया सोडरबर्ग यांच्या गटाने अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीने तिकडे पाहिलं आणि रेडिओत तो भयंकर तेजस्वी निघाला. वीसेक मिलिजान्स्की (रेडिओ सिग्नल मोजायचं एकक). १३ कोटी प्रकाशवर्षांवरून एवढा सिग्नल म्हणजे त्या वयाच्या बाकी वन-बी, वन-सी (बाहेरचे थर गमावलेल्या ताऱ्यांच्या) स्फोटांना खूप मागे टाकणारा, थेट १९९८बीडब्ल्यूच्या पंक्तीत बसणारा.

इथे पटकन "सापडलं इंजिन" म्हणून मोकळं होणं सोपं होतं, पण तेज जास्त असण्याची निदान तीन कारणं असू शकतात. एक, तारा मरण्याआधी त्याने खूप वारा सोडलाय, भोवती दाट गॅस आहे आणि स्फोटाची लाट त्यावर आदळून जास्त चमकतेय, वेग मात्र साधाच. दोन, गॅमा किरणांचा झोत खरंच निघाला पण तो आपल्याकडे रोखलेला नव्हता, म्हणून गॅमा दिसले नाहीत आणि आता झोत मंदावून पसरतोय तसा तिरका दिसायला लागलाय. तीन, आपल्याकडे येणारं मटेरियलच सापेक्षतावादी, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या जवळपासच्या वेगाचं आहे, म्हणजे इंजिन होतं, फक्त त्याने नेहमीसारखा गॅमा स्फोट दिला नाही.

तिन्ही शक्यतांमध्ये मेलेला तारा वेगळा, त्याचा शेवट वेगळा. आणि नुसत्या एका तेजाच्या आकड्यावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, व्हीएलएवर एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला दर काही दिवसांनी बघत राहायचं आणि लाइट कर्व्ह, म्हणजे तेज दिवसांनुसार कसं बदलतं त्याचा आलेख, काढायचा. स्वस्त, सोपा, आणि बऱ्याच सुपरनोव्हांसाठी तेवढंच केलं जातं. पण त्यातून दाट वारा आणि जास्त वेग यांची फारकत नीट होत नाही.

दुसरा पर्याय, व्हीएलबीआय, म्हणजे खंडोखंडीच्या दुर्बिणी एकत्र जोडून स्फोटाचा आकार सरळ मोजायचा. ऐकायला सगळ्यात पटणारा. अडचण अशी की इतक्या अंतरावरचा काही आठवड्यांचा स्फोट मिलिआर्कसेकंदाच्याही (आकाशातल्या अगदी बारीक कोनाच्या) छोट्याशा अंशाएवढा असतो, प्रकाशाच्या वेगाने फुगला तरी. शिवाय जागा दक्षिणेकडची आणि मोठमोठ्या दुर्बिणी बहुतेक उत्तरेत.

तिसरा पर्याय, एकाच वेळेला खूप फ्रिक्वेन्सींवर मोजून स्पेक्ट्रम कुठे वळतो ते पकडायचं. या प्रकरणाचा कणा हाच आहे त्यामुळे जरा थांबून सांगतो.

स्फोटाच्या लाटेत इलेक्ट्रॉन्स चुंबकीय क्षेत्रात गरागरा फिरतात आणि रेडिओ लहरी सोडतात, हे सिंक्रोट्रॉन. जास्त फ्रिक्वेन्सीला या लहरी सरळ बाहेर येतात. कमी फ्रिक्वेन्सीला तेच इलेक्ट्रॉन्स स्वतःच्याच लहरी परत शोषतात, आणि दाट धुक्यात जसा फक्त पुढचा पदर दिसतो तसा आपल्याला फक्त बाहेरचा पृष्ठभाग दिसतो. आता पृष्ठभाग दिसत असेल तर त्यातून किती सिग्नल येतो हे मुख्यतः त्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतं. म्हणून ज्या फ्रिक्वेन्सीला स्पेक्ट्रम शोषलेल्या भागातून मोकळ्या भागात वळतो ती फ्रिक्वेन्सी आणि तिथला सिग्नल, हे दोन आकडे मिळाले की स्फोटाची त्रिज्या निघते, फोटो न काढता. यातली सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे इलेक्ट्रॉन्सना किती ऊर्जा गेली आणि चुंबकीय क्षेत्राला किती, हे आपल्याला नक्की माहीत नसतं, पण त्या गुणोत्तराचा त्रिज्येवर परिणाम फक्त एक-एकोणिसांशाच्या घाताने होतो. म्हणजे त्या गृहीतकात दहापट गडबड झाली तरी त्रिज्या बारा-तेरा टक्केच हलते.

आणि दाट वाऱ्याची शंका इथेच सुटायला लागते. दाट वाऱ्याने चुंबकीय क्षेत्र वाढतं, सिग्नल वाढतो, पण वळणाची जागाही वरच्या फ्रिक्वेन्सीला सरकते, त्यामुळे त्रिज्या फुगलेली दिसत नाही. वेग खरा असेल तरच त्रिज्या मोठी निघते.

चौथा पर्याय सोडून देण्याचा. वर्षात कितीतरी सुपरनोव्हा सापडतात, दुर्बिणीचा वेळ मोजका असतो, प्रत्येकामागे महिनोन्महिने धावता येत नाही. हा पर्याय कागदावर कोणी लिहीत नाही पण प्रत्येक टाइम-अलोकेशनच्या बैठकीत तो असतोच.

खोडद का

तिसरा पर्याय घ्यायचा ठरल्यावर वळणाच्या दोन्ही बाजू लागतात. वरची बाजू व्हीएलएकडे होती. खालची बाजू, विशेषतः १.४ गिगाहर्ट्झच्या खाली, पुरेशा संवेदनशीलतेने मोजणारी दुर्बीण जगात तेव्हा एकच धड होती, जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली, प्रत्येकी ४५ मीटरच्या ३० डिश, त्यातल्या १४ खोडदजवळ एक किलोमीटरभराच्या चौकात आणि १६ वाय आकाराच्या तीन हातांवर, साधारण २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. डिश पत्र्याच्या नाहीत, दोरांवर ताणलेल्या तारेच्या जाळीच्या, त्यामुळे हलक्या आणि परवडणाऱ्या, आणि मीटरभर लांबीच्या लहरींना जाळी पुरते.

अजून एक गोष्ट जी फार कमी लोक बोलतात, भूगोल. एनजीसी ३२७८ चं डेक्लिनेशन, म्हणजे आकाशातला अक्षांश, उणे ४० च्या आसपास. न्यू मेक्सिकोतून ती गॅलक्सी जास्तीत जास्त सोळाएक अंश वर येते, अगदी क्षितिजाला टेकून. खोडद १९ अंश अक्षांशावर, इथून ती ३१ अंश चढते आणि रोज साधारण सहा तास आरामात बघता येते. एप्रिलच्या सुरुवातीला तर ती रात्री दहाच्या आसपास सगळ्यात उंच यायची. खाली झुकून बघायचं म्हणजे जास्त हवा, जास्त आयनोस्फियर, जमिनीचा जास्त गोंगाट, त्यामुळे हे पंधरा अंश खूप मोलाचे होते.

काय केलं

व्हीएलएची मोजणी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालू ठेवली आणि जोडीला जीएमआरटीवर वेळ मिळवला. मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मधले सयन चक्रवर्ती आणि अलक रे या कामात होते. जीएमआरटीचा नेहमीचा वेळ सहा-सहा महिन्यांच्या सायकलमध्ये वाटला जातो, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. तारा काही सायकल बघून फुटत नाही, म्हणून अशा वेळी आयत्या वेळच्या प्रस्तावाची सोय वापरावी लागते, आणि दुसऱ्या कुणाचं तरी निरीक्षण पुढेमागे होतं. रांगेत दुसरा शोधनिबंधवाला असतोच, त्याला सांगावं लागतं की हे आत्ताच का.

इथला पहिला निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्फोटानंतर २० दिवसांनी वळण पाच-सहा गिगाहर्ट्झच्या आसपास होतं. जीएमआरटीच्या ६१० आणि १२८० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यांत तेव्हा सगळं शोषलेलं, म्हणजे सिग्नल कमी. एखाद्याने म्हटलं असतं की तिथे बघण्यासारखं नाही, वेळ वाया कशाला. पण स्फोट फुगतो तसं वळण खाली खाली सरकतं आणि काही महिन्यांत ते बरोबर जीएमआरटीच्या पट्ट्यात येऊन पोचतं, नेमकं जेव्हा वरच्या फ्रिक्वेन्सींना स्फोट मावळत असतो. म्हणजे सुरुवातीचा वेग व्हीएलए सांगणार, आणि तो वेग नंतर टिकला की ढासळला हे खोडद सांगणार.

दुसरा निर्णय व्हीएलबीआयचा. तो पर्याय सोडला नाही, दुसऱ्या एका गटाने स्फोटानंतर ८५ दिवसांनी प्रयत्न केला. आकार सुटा दिसला नाही, फक्त वरची मर्यादा मिळाली, आणि त्यावरून निघणारी वेगाची मर्यादा प्रकाशाच्या वेगाच्याही वर होती. म्हणजे स्पेक्ट्रमवरून काढलेल्या वेगाशी विरोध नाही पण स्वतंत्र पुरावाही नाही.

तिसरा, एक्स-रेसाठी चंद्रा उपग्रहाचा वेळ घेतला. त्यात फार खोलात जात नाही, चित्र रेडिओशी जुळणारंच होतं.

निकाल

२० व्या दिवशीची त्रिज्या निघाली ४.४ गुणिले १० चा १६ वा घात सेंटिमीटर. २० दिवसांनी भागलं की सरासरी वेग येतो प्रकाशाच्या ८५ टक्के. साध्या वन-बी, वन-सी स्फोटांत हाच आकडा १०-१५ टक्क्यांच्या घरात असतो. म्हणजे पहिली शक्यता, नुसता दाट वारा, बाद. उलट त्याच डेटावरून मरणाऱ्या ताऱ्याच्या वाऱ्याचा दर निघाला वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे पाच लाखांत एक भाग. वुल्फ-रायेट ताऱ्यांच्या मानाने हा दर अजिबात जास्त नाही. स्फोटानंतर ताऱ्याचं जे काही बघायचं ते जवळजवळ उडालेलं असतं, तरी लाट जसजशी बाहेर जाते तसतसा त्याने आधी सोडलेला वारा तुडवत जाते, आणि रेडिओला तो इतिहास वाचता येतो. मूळ तारा कसला होता हे यातून कळतं आणि ऑप्टिकलला हे जमत नाही.

तिरक्या झोताची शक्यता वेळेनुसार कमजोर होत गेली. तिरका झोत असता तर तो मंदावताना त्याची एक ठरावीक चढ-उतार दिसली असती. २००९बीबी तसा मंदावलाच नाही, महिनोन्महिने जवळपास मोकळेपणाने फुगत राहिला. याचं कारण टीआयएफआरच्या गटाने मांडलं ते असं की या स्फोटात वेगवान मटेरियलमध्ये साधं द्रव्य, प्रोटॉन वगैरे, बरंच मिसळलेलं होतं, सूर्याच्या वस्तुमानाच्या काही हजारांशाएवढं. त्या ओझ्यामुळे ते सहज मंदावत नाही, आणि त्याच ओझ्यामुळे गॅमा स्फोटही देऊ शकलं नसावं, कारण गॅमा स्फोटाला अगदी हलका, प्रकाशाच्या वेगाला जवळजवळ चिकटलेला झोत लागतो. म्हणजे दोन वेगळी दिसणारी कोडी, गॅमा का नाही आणि वेग का टिकला, एकाच उत्तरात बसली. मला यातलं हे सगळ्यात जास्त आवडतं, आणि ते नीट बसलं कारण कमी फ्रिक्वेन्सीचा उशिराचा डेटा हातात होता.

२८ जानेवारी २०१० च्या नेचरमध्ये हे छापून आलं. गॅमा किरण न दिसता, फक्त रेडिओवरून इंजिन ओळखल्याचं हे पहिलं उदाहरण. जवळच्या १४३ वन-बी, वन-सी स्फोटांची व्हीएलएने तपासणी झाली होती, त्यात असा हा एकच. म्हणजे शंभरात एकाहूनही कमी.

एक धक्का वेगळ्याच बाजूने बसला. तोपर्यंत समजूत अशी होती की इंजिनवाले स्फोट कमी धातूंच्या, म्हणजे हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यं कमी असलेल्या जागी होतात, कारण जास्त धातू म्हणजे जोरदार वारा आणि वाऱ्याबरोबर ताऱ्याचं फिरणंही निघून जातं. २००९बीबीची जागा तपासली तर तिथे धातू सूर्यापेक्षाही जास्त. ती समजूत या एका प्रकरणाने मोडली असं नाही, पण तिला नियम म्हणणं अवघड झालं.

त्याच अंकातलं दुसरं प्रकरण

नेचरच्या त्याच अंकात दुसऱ्या एका गटाने सुपरनोव्हा २००७जीआर बद्दल तसाच दावा केला होता, थोडा सापेक्षतावादी झोत सापडल्याचा. त्यांचा आधार व्हीएलबीआय होता. व्हीएलबीआयला मिळालेला सिग्नल दुसऱ्या दुर्बिणीला मिळालेल्या सिग्नलपेक्षा कमी आला, म्हणून स्रोत पसरलेला असणार, म्हणून तो वेगाने फुगलेला असणार, असा युक्तिवाद. त्याच वर्षी सोडरबर्ग आणि सहकाऱ्यांनी अनेक फ्रिक्वेन्सींचा रेडिओ डेटा आणि एक्स-रे घेऊन दाखवलं की तो साधा स्फोट म्हणूनच नीट समजावता येतो, आणि कमी सिग्नल हा मोजणीतल्या गळतीचा परिणाम असू शकतो.

यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नाही, सिग्नल अगदी क्षीण होता आणि मोजणी अवघड. पण दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की पुराव्याच्या वजनातला फरक दिसतो. एकीकडे दोन मोजण्यांच्या वजाबाकीवर उभा दावा, दुसरीकडे महिनोन्महिने सरकत जाणारं वळण, जे प्रत्येक वेळी तीच गोष्ट सांगतंय.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे वेळ. स्फोट दोन दिवसांचा असताना सापडला आणि रेडिओ मोजणी सुरू व्हायला दोन आठवडे उलटून गेले. ते दिवस परत मिळत नाहीत. पहिल्या आठवड्यात वळण खूप वरच्या फ्रिक्वेन्सीला असणार, तेव्हा मिलिमीटर लहरींच्या दुर्बिणीने बघितलं असतं तर वेग सुरुवातीला ८५ टक्क्यांहून किती जास्त होता ते कळलं असतं, आता आपल्याकडे फक्त २० दिवसांची सरासरी आहे. ब्रॉड-लाइन्ड वर्गीकरण झालं की त्याच दिवशी रेडिओला निरोप गेला पाहिजे, माणसाने ईमेल लिहायची वाट बघू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, जीएमआरटीची तेव्हाची मर्यादा. पट्टे अरुंद होते, ३२ मेगाहर्ट्झचे, आणि वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी बऱ्याचदा वेगवेगळ्या दिवशी मोजाव्या लागायच्या. लवकर बदलणाऱ्या गोष्टीचा स्पेक्ट्रम वेगवेगळ्या दिवसांच्या तुकड्यांनी जोडला की वळणाच्या जागेत अनिश्चितता येते. अपग्रेड झाल्यावर आता १२० ते १४५० मेगाहर्ट्झचा पट्टा जवळपास सलग मिळतो, एका वेळेला ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद. तेच निरीक्षण आज केलं तर एकाच रात्रीत वळणाचा उतार दिसेल.

तिसरं व्हीएलबीआयचं. ८५ व्या दिवशी आकार वाढलेला होता पण सिग्नल उतरणीला लागला होता. आधी केलं असतं तर सिग्नल जास्त पण आकार छोटा. या ओढाताणीत मधला दिवस निवडण्यापेक्षा दोनदा करणं बरं पडलं असतं, कारण दोन मर्यादा मिळाल्या की वाढीचा दर तरी बांधता येतो.

चौथं जरा वादाचं आहे. इतकं सगळं एका स्फोटावर खर्च करावं का की तेवढ्या वेळात पन्नास स्फोटांवर एकेक नजर टाकावी? १४३ मधला एक सापडला तो एकेक नजर टाकण्यामुळेच, आणि समजला तो चिकटून राहण्यामुळे. माझ्या मते आधी सगळ्यांना एकदा बघायचं आणि तेजाने जो वेगळा पडेल त्याला बाकीच्यांचा वेळ द्यायचा. तीन वर्षांनी, फेब्रुवारी २०१२ मध्ये सापडलेल्या सुपरनोव्हा २०१२एपीच्या बाबतीत साधारण असंच झालं, पुन्हा व्हीएलए आणि जीएमआरटी जोडीने, आणि पुन्हा गॅमा किरणांशिवाय इंजिनाच्या खुणा मिळाल्या, फक्त वेग २००९बीबीपेक्षा थोडा कमी. त्यामुळे साधा सुपरनोव्हा आणि गॅमा किरण स्फोट यांच्या मधली जागा रिकामी नाहीये हे आता धरून चालता येतं, आणि तिथे अजून किती जण बसलेत ते मोजायला खालच्या फ्रिक्वेन्सीचा सर्व्हे दर काही आठवड्यांनी परत परत करावा लागेल.